कोरा चहा आणि गोजाबाईचं काळीज

सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावात राहणाऱ्या गोजाबाईला बावन्न वर्षांत दवाखाना ठाऊक नव्हता. बाळंतपणंही घरीच झाली. चहा मात्र दिवसातून आठदा. लावणीच्या वेळी बांधावर किटली हवीच, आणि कुणाच्या ओटीवर टेकली की कप रिकामा केल्याशिवाय बाई उठायची नाही.

तिची लेक पौर्णिमा शहापूरला नोकरीला. सव्वीस वर्षांच्या त्या पोरीच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा "माजी एक काढा नि तिला लावा," असं गोजाबाईने डॉक्टरांना परस्पर सांगून टाकलं. नवऱ्यालाही विचारलं नाही. सगळ्या तपासण्या उत्तम आल्या. राहिली हृदयाची.

चोवीस तास चहा-कॉफी बंद, अशी ताकीद होती. बाईने ती पाळली, म्हणजे तिच्या मते पाळली. कल्याणच्या इस्पितळात एमआरआयच्या खोलीबाहेर नर्सने विचारलं, "सकाळपासून काय घेतलंत?"

"काय नाय गो. पानी नि जरासा कोरा."

तिच्या लेखी दुधाचा तोच चहा. पावडर, गूळ, आलं उकळून केलेला कोरा म्हणजे औषध. तापात, खोकल्यात पाजायचं. नर्सने हातातली सुई खाली ठेवली. औषध देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्या फुलवायच्या आणि रक्त कुठे कमी पडतं ते चित्रात बघायचं, अशी ती तपासणी. चहातलं कॅफिन त्या औषधाचा जोरच मारतं. मग दोष असला तरी चित्रात दिसेलच असं नाही. पुढची तारीख बारा दिवसांनी मिळाली.

गोजाबाई बाकावर बसून रडली. लेकीचे डायलिसिसचे हाल आणखी बारा दिवस, तेही आपल्या एका पेल्यापायी.

"सांगितलंच नसतंस तर?" तिचा नवरा महादू पुटपुटला.

"नि आपरेशनात काळीज बंद पडलं असतं तर? पोर जल्मभर सोताला खात बसली असती."

महादूने पुढच्या तारखेचा कागद घडी करून खिशात ठेवला.

या खेपेला तिने दोन दिवस आधीच चहा तोडला. डोकं ठणकायला लागलं. शेजारच्या अंजूने आणलेला कप तिने तसाच परत धाडला, आणि गोजाबाईचं काहीतरी बिनसलंय अशी गावभर चर्चा झाली.

तपासणी झाली. डॉक्टरांनी मायलेकींना पडद्यावर चित्र दाखवलं. हृदय ठणठणीत होतं. पौर्णिमा आईच्या हलणाऱ्या हृदयाकडे बघतच राहिली.

"आई, अजूनबी नाय म्हनलीस तरी चालंल. मी राग नाय धरनार."

"तू पोटात होतीस तवा याच काळजावर आपुन दोगी जगलो," गोजाबाई म्हणाली. "आता त्याला काय जड हाय?"

पौर्णिमाने डोळे पुसले आणि ऑपरेशनच्या कागदावर सही केली.