मायक्रोस्कोपापुढची रांग

मायक्रोस्कोपात पहिल्यांदा पाहणाऱ्याला बऱ्याचदा स्वतःच्याच पापण्या दिसतात, हे मला परवा कळलं. विद्यापीठाच्या विज्ञान विभागाने संशोधन करणाऱ्या मुलांच्या घरच्यांना बोलावलं होतं. तळ्याच्या पाण्याचा थेंब पाहायला पोरांची रांग होती आणि तो दाखवायला माझी मुलगी मीनल उभी होती. मी वाकलो, तर काळ्या काड्या हलताना दिसल्या.

"हे जंतू का गं?"

"बाबा, त्या तुमच्याच पापण्या. डोळा जरा मागे घ्या."

पोरं खिदळली. डोळा मागे घेतल्यावर नुसता उजेड दिसला. तरी म्हटलं, "हां, दिसलं."

माझ्या पुढच्या चिमुरडीने मीनलला बिनधास्त विचारलं होतं, "हे सारखे पळतात कुठे?" मला तसं जमत नाही. खरं सांगतो, मीनल कशावर संशोधन करते हे मला ठाऊक नाही. उत्तर कळणार नाही या भीतीने मी विचारतच नाही. "जेवलीस का?" एवढ्यावर भागवतो. तिला ते काय वाटत असेल, अडाणीपणा की बेपर्वाई?

तेवढ्यात तिच्या मॅडम आल्या. "तुम्ही मीनलचे बाबा ना? घरी सांगते का कामाचं काही?"

मी मीनलकडे पाहिलं. मीनलच म्हणाली, "बाबा रोज विचारतात, मॅडम."

ती खाली मान घालून काच पुसत होती. तिने मला सांभाळून घेतलं की सुनावलं, काही कळलं नाही. आणि आता हेही तिला विचारायचं धाडस होत नाही.