चपला खाली काढायच्या

त्या वर्षी मला काय झालं होतं, हे विचारणाऱ्या प्रत्येकाला कारण हवं होतं. नापास झालीस का? नाही, बी.एस्सी. पहिल्या वर्गात झाले होते. कुणी काही बोललं का? नाही. कुणावर जीव बसलाय का? हा प्रश्न दार लोटून, आवाज खाली आणून विचारला जायचा. तेही नव्हतं. मग रडतेस कशाला? अहो, मला माहीत असतं तर जळगावच्या पिंप्राळ्यातल्या त्या दोन खोल्यांत मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले असते का? घास तोंडात फिरत राहायचा, गिळवायचा नाही. केस विंचरायचे म्हटलं तरी जिवावर यायचं. ताप असता तर शेजारणी मोसंबी घेऊन आल्या असत्या. ताप नव्हता, म्हणून सगळ्या सल्ले घेऊन यायच्या.

सगळ्यांत वजनदार सल्ला आबांचा. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे, नानांचे, थोरले भाऊ. पारोळ्याच्या अलीकडे, धुळ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात त्यांची शेती होती. गावात त्यांचा शब्द चालायचा आणि आमच्या घरात तर त्याहून जास्त. ते आले, पलंगाशी खुर्ची ओढून बसले, आणि माझ्याशी नाही, नानांशी बोलले.

"पोरले काय कमी शे? खावाले शे, लेवाले शे. हाई बठ्ठं नाटक शे. लगीन करी द्या, नीट व्हई जाई."

नाना मान हलवत राहिले. माझे वडील कचेरीत कारकून होते आणि आबांपुढे घरातही कारकूनच. मला असा संताप आला की कितीतरी दिवसांनी अंगात काहीतरी हललं. पण बोलायलाही ताकद लागते.

शेवटी कॉलेजातल्या माझ्या बाईंनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, डॉक्टरांना दाखवा, यात लाजण्यासारखं काही नाही. पहिलं आईने ऐकलं. दुसरं तिला पटलं नाही. मनाचे डॉक्टर जळगावातही होते, रिक्षाने गेलं की लगेच. म्हणूनच ते नकोत. तिथे कुणी पाहिलं तर? मग आम्ही एस.टी.त बसून धुळ्याला जायला लागलो. पुढे कळलं की धुळ्याचे लोक याच कारणासाठी जळगावला येतात. भर उन्हात दोन्हीकडच्या गाड्या आजारी पोरांना घेऊन एकमेकींना ओलांडून जायच्या. शेजारच्याने विचारलं तर आई सांगायची, पोरीचे डोळे दाखवायला चाललोय.

डोळेच का, तर त्या इमारतीत खाली डोळ्यांचा दवाखाना होता आणि वर आमचा. थाप पक्की व्हावी म्हणून आईने मला नंबर नसलेल्या काचांचा चष्मासुद्धा करून दिला होता. दिसत मला लख्ख होतं. नाटक मी करते म्हणणाऱ्या घराण्याने मला असं नाटकाला उभं केलं होतं.

पहिल्याच खेपेला मी जिन्याकडे निघाले तर आईने दंड धरला. "चपला खाली काढ." खालच्या दाराशी चपलांचा ढीग पडलेला होता. वर गेले तर दाराबाहेर एकही जोड नाही, आणि आत बाकं माणसांनी भरलेली. सगळी अनवाणी. वरच्या दाराशी चपला दिसल्या तर कुणीतरी ओळखायचं, म्हणून सगळे त्या खाली डोळ्यांच्या दाराशी काढून जिना चढत होते. उन्हाळ्यात त्या जिन्याच्या फरशीवर पाय भाजायचे. लोक नाचत नाचत वर यायचे, पण चपला घालून कुणी येत नव्हतं.

डॉक्टरांनी कारण विचारलं नाही. झोप कशी लागते, सकाळी जास्त जड वाटतं की संध्याकाळी, एवढंच विचारलं. मला रडू फुटलं, पण ते रडू निराळं होतं. गोळ्या दिल्या, रोज थोडं चालायला सांगितलं, आणि रोज एका तरी माणसाशी खरं बोलायला. तिसरं औषध आमच्या घरात मिळण्यासारखं नव्हतं. तरी हळूहळू फरक पडला. एके दिवशी मी आपण होऊन दुसरी भाकरी मागितली, तर आईने पदर डोळ्यांना लावला.

आणि अशाच एका खेपेला खालच्या ढिगात मला आबांचे जोडे दिसले.

ते ओळखू न येणं शक्यच नव्हतं. टोकदार, तेल पाजलेले, करकर वाजणारे. त्यांच्या आवाजाने आमच्या घरात बोलणी थांबायची. मी वर पळाले. आबा बाकावर पाय आत ओढून बसले होते, आणि शेजारी त्यांचा मुलगा. माझ्याहून लहान, मला अक्का म्हणणारा. विहिरीच्या काठावरून उलटी उडी मारणारं ते पोरगं आता नखं कुरतडत खाली बघत होतं. हा सुरतेला कंपनीत लागला, असं आबांनी नात्यात सगळ्यांना सांगितलं होतं.

"डोया दखाडाले उनू," आबा घाईघाईने म्हणाले.

"आम्हीपण डोळ्यांसाठीच, आबा," आईने पदर सारखा करत सांगितलं.

"डोळे खाली तपासतात," मी म्हणाले.

बाकांवरच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. आबा दात आवळून पुटपुटले, "गावमा कोनले सांगू नको." माझं डोकंच फिरलं. माझं ते नाटक, आणि स्वतःच्या पोराचं? मला लग्न लावून नीट करायला निघालेला हा माणूस मुलाला मात्र गुपचूप डॉक्टरकडे आणत होता. पण भांडायचं सोडून मी त्या पोराशेजारी बसले आणि विचारलं, झोप लागते का रे?

"गोया लेस तं लागस, अक्का," तो म्हणाला. मग पहिल्यांदा त्याने वर पाहिलं. "तुले बी?"

मी हो म्हटलं. आमच्या अख्ख्या घराण्यात त्या दिवशी खरं बोललेली आम्ही दोघंच.

पुढच्या खेपेला तो दिसला नाही. त्यापुढच्याही नाही. कंपाउंडर म्हणाला, ते येत नाहीत आता. का, ते मला लगेच कळलं. आम्ही पाहिलं होतं ना! लोकांनी पाहिलं म्हणून आबांनी पोराचे उपचारच बंद केले होते. "त्यांचं ते बघतील," आई म्हणाली. ते काय बघणार? गोळ्यांआधी मी कशी होते, ते मी आतून पाहिलं होतं. त्या अंधारात त्याला परत लोटून आबा पारावर पान खात बसणार होते.

त्यापुढच्या खेपेला मी एकटी निघाले आणि आबांच्या गावाच्या फाट्यावर उतरले. आबा ओट्यावर चार माणसांत बसले होते.

"मी त्याला धुळ्याला न्यायला आले," मी म्हणाले.

"त्याले? तो तं सुरतले शे," आबा म्हणाले. आतल्या खोलीतून त्याचं खोकणं ऐकू येत होतं.

मी तो खोटा चष्मा काढून ओट्यावर ठेवला. "सुरतेला नाही, आत आहे. मला झालं होतं तेच त्याला झालंय. मी मनाच्या डॉक्टरकडे जाते, आबा, आणि मला बरं वाटतंय. तुम्हीही मला तिथेच भेटलात." आवाज माझ्या हातात राहिला नव्हता. समोरच्या घरातल्या बायका दारात आल्या. आबा उठले, नानांचे संस्कार काढले, माझ्या लग्नाचं काय होणार ते सगळ्या गल्लीला ऐकवलं. मी ऐकून घेतलं, पण हलले नाही.

तेवढ्यात तो बाहेर आला. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली, हातात चपला. मागे मोठी माय, म्हणजे त्याची आई, दारात उभी होती. ती वाटेतून बाजूला झाली.

"घरमा जाय!" आबा ओरडले.

तो पायरीवर बसला, सावकाश चपला घातल्या आणि म्हणाला, "चाल, अक्का."

धुळ्याला पोचलो. सवयीने माझा पाय खालच्या दाराशी थांबला. तो थांबला नाही. चपला घालून फटफट वाजवत जिना चढला आणि वरच्या दाराशी, डॉक्टरांच्या पाटीच्या बरोबर खाली, त्याने त्या काढल्या. मी माझ्या त्यांच्या शेजारी काढल्या. बाकांवरचे लोक आमच्याकडे बघत राहिले.

डॉक्टरांना भेटून बाहेर आलो तर चपला नव्हत्या. कंपाउंडर जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "खाली नेऊन ठेवल्यात. बरं दिसत नाही ते." बिचाऱ्याने आमच्यावर उपकार केले होते. माझ्या ओठांवर शिवी आली होती.

पण तो पोरगा खाली गेला. ढिगातून आमचे दोन्ही जोड शोधून हातात घेऊन वर आला, त्याच दाराशी, त्याच पाटीखाली मांडले, आणि म्हणाला, "घाल, अक्का. आठेच घाल, खाले नही."