दहा सेकंदांचं इंजिन
परवा लातुरात किराणा दुकानात एरंडेलाची बाटली फुटली आणि त्या वासासरशी चाकूरजवळचं चुलतभावाचं शेत आठवलं. माझ्या मॉडेल विमानाच्या इंधनालाही हाच वास यायचा. त्या दिवशी सोयाबीन निघालं होतं आणि माझ्या विमानाला धावायला सपाट रान मिळावं म्हणून भावानं नांगरणीचा ट्रॅक्टर सकाळपासून बांधावर थांबवून ठेवला होता. इंजिन मात्र दहा सेकंद किंचाळायचं आणि बंद पडायचं. मी कार्बोरेटर तीनदा खोलला, इंधन कमी-जास्त करायची सुई पिळून पिळून बोटं सोलून घेतली. भाऊ शेजारी उकिडवा बसून म्हणाला, "दादा, टाकीला हवा कुठून हाय? फवारणी पंपाच्या झाकणाचं भोक बुजलं की असंच होतंय." मी खेकसलो, "तुला यातलं काय कळतंय?" तो उठून ट्रॅक्टरवाल्याला चहा द्यायला गेला. तेवढ्यात मला टाकीच्या हवेच्या नळीत कडुलिंबाची काडी दिसली. विमान मोटरसायकलवरून आणताना इंधन सांडू नये म्हणून मीच ती खुपसली होती. उपटून खिशात घातली, तर इंजिन सुरू झालं आणि चालतच राहिलं. भाऊ पळत आला. "काय झालं होतं?" "प्लग खराब होता. बदलला," मी म्हणालो. आजही पाहुणे आले की तो कौतुकानं सांगतो, "आमच्या दादाला इंजिनातलं लई कळतंय," आणि काडीचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.