धारोष्ण दुधाची डिग्री

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात न तपासता दूध प्यायलं असेल तर ते फक्त त्यांच्या आईचं, आणि तेही त्या वयात हातात काही धरता येत नव्हतं म्हणून. मूळ गाव शिरूर कासारकडचं, पण नोकरीची तीस वर्षं त्यांनी केज तालुक्यातल्या एका खेड्यात, सहकारी दूध संस्थेचे सचिव म्हणून काढली. संस्था सुटली तरी लॅक्टोमीटर सुटला नाही. दुधात सोडल्यावर तरंगणारी आणि दूध दाट की पातळ ते आकड्यात सांगणारी ती काचेची नळी. त्या आकड्याला आमच्याकडे डिग्री म्हणतात. चार लोक खिशात पेन ठेवतात तशी ही नळी ते कोपरीच्या आतल्या खिशात फडक्यात गुंडाळून ठेवत. मुलगी देण्याआधी आमचं घर बघायला आले तेव्हा शेती किती, भाऊ किती, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. तांब्याभर कच्चं दूध मागितलं. माझ्या आईला वाटलं, पाहुण्यांना काही पथ्य असेल. त्यांनी नळी सोडली, डोळे बारीक करून आकडा वाचला आणि म्हणाले, "एकोणतीस. घरात लबाडी न्हाई. पोरगी दिली." मी पाटबंधारे खात्यात आहे हे त्यांना लग्नाच्या पंगतीत कळलं. पाऊस नसलेल्या जिल्ह्यात पाटबंधाऱ्याचा माणूस दिवसभर काय करतो, असं त्यांनी तिथेच मोठ्याने विचारलं, आणि त्याचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

माणसांनाही मामा, म्हणजे आमचे सासरे, डिग्री लावत. नारायणगडाच्या यात्रेत दोन तास कीर्तन ऐकून त्यांनी निकाल दिला, "बुवाला डिग्री हाय, पण फेस लई." मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्याला ओट्यावर बसवून, हातात पाण्याचा पेला देऊन त्यांनी विचारलं, "साहेब, तुमची डिग्री सकाळी एक आन् सांजच्याला दुसरी कावून येती?" साहेब हसले, कारण सगळ्या गावाची चरवी या माणसाच्या हातात होती. हॉटेलात चहा सांगितला की मामा आधी दुधाच्या पातेल्यापाशी जाऊन उभे राहत. पेट्रोलपंपावर मात्र मी त्यांना गाडीतून उतरू देत नसे.

त्यांच्या संस्थेच्या दारात एक फळा होता. ज्याच्या दुधात पाणी सापडेल त्याचं नाव खडूने त्या फळ्यावर, आणि महिनाभर ते पुसायचं नाही. दुष्काळात चारा नाही, जनावरं आटलेली. मोह कुणालाही व्हायचा. मामांनी त्या फळ्यावर एकदा स्वतःच्या बायकोचंही नाव लिहिलं होतं. सासूबाईंनी पुढचे आठ दिवस त्यांना कोरा चहा पाजला, आणि मामांनी तो निमूटपणे पिऊन वर त्याचं कौतुक केलं. ही गोष्ट सासूबाई सांगत तेव्हा रागाने सुरुवात करत आणि शेवटी पदर तोंडाला लावून हसत.

एका फाल्गुनात ते आमच्याकडे बीडला आले. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. आमच्या गल्लीत टँकर येई तेव्हा मामा नळी घेऊन खाली उतरू लागले म्हणून बायकोने नळी कपाटात ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी धोतर नेसून, टोपी घालून ते माझ्यासमोर उभे राहिले. "जावाई, गाडी काढा. युसूफ वडगावच्या पलीकडं जायचंय. एका बाईची माफी मागायची हाय." मी जन्मात या माणसाच्या तोंडून माफी हा शब्द ऐकला नव्हता. बायकोकडे बघितलं, तर तिनेही ऐकला नसावा. मी किल्ली घेतली.

मांजरसुंबा मागे पडेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. रस्त्याकडेची ज्वारी गुडघ्याला येऊन वाळली होती, पळस मात्र पाणी कुठून मिळतं ते न सांगता फुलला होता. उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली तेव्हा ते बोलू लागले. संस्थेला लागून एक घर होतं. तिथे नवी सून आलेली. पहाटे म्हैस पिळायची आणि धार थांबताच चरवी आणून संस्थेत ओतायची. दूध धारोष्ण, वर बोटभर फेस. डिग्री रोज कमी. मामांनी दोनदा बजावलं, तिसऱ्यांदा नाव फळ्यावर गेलं. सून रडून सांगत होती, पण रडणारे तर सगळेच असतात. सासूने तिला माहेरी धाडलं ते दिवाळीपर्यंत. परत आली तेव्हा गावाने तिला नाव ठेवलेलं होतं, पाणीवाली. ते नाव लागलं ते लागलंच.

"पुढं लई वर्सांनी, रिटायर व्हायच्या तोंडाला, शिबिराला गेलतो," मामा म्हणाले. "थितं एक पोरगेलासा सायब बोलला, धारेचं गरम दूध लगेच मोजायचं न्हाई, डिग्री कमीच दावतंय. गार होऊ द्या, फेस बसू द्या. म्या खुर्चीतच बसलो न्हवं. वस्तीवरली माणसं कोसभर चालून यायची, त्यांचं दूध वाटंतच गार व्हायचं. तिचं घर शेजारी. शेजारी ऱ्हायली, येवढाच तिचा गुन्हा." हे कळून बारा वर्षं झाली होती. बारा वर्षांत त्यांनी ते कुणालाही, अगदी सासूबाईंनाही सांगितलं नव्हतं.

केज येईपर्यंत मामांना तीनदा चहाची तल्लफ आली. तिन्ही हॉटेलांत ते पातेल्याकडे फिरकलेही नाहीत, समोर येईल तो चहा पीत राहिले. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, "बाई गावात नसंल. कारखान्याचा पट्टा पडायचाय, हंगाम चालूच हाय, ऊसतोडीला गेली आसंल." मी म्हटलं, "मग परत फिरू या का मामा?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बिल दिलं आणि गाडी सुरू केली.

बाई घरीच होती. अंगणात सुपाने तूर पाखडत होती, केस पांढरे झालेले. मामांनी टोपी काढली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गरम दूध, फेस, शिबिर, काही गाळलं नाही. तिने सूप खाली ठेवून ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला कावून सांगता, सेक्रेटरी? म्या पाणी घातलं न्हवतं ते मला ठावंच हाय की. आत्याबाईला सांगा."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, आत बाजेवर, नव्वदीला टेकलेली आणि ठार बहिरी. मामा बाजेशेजारी जमिनीवर बसले आणि हळू आवाजात बोलले. म्हातारीने कानाला हात लावला. मग जरा मोठ्याने. तिसऱ्या वेळी मामा असे ओरडले की समोरच्या घरातली माणसं दारात आली, "तुमच्या सुनेनं दुधात पाणी घातलं न्हवतं. चूक माझी व्हती." चौथ्या वेळी अख्खी गल्ली अंगणात उभी होती आणि जे आधी पाणीवाली म्हणत होते ते एकमेकांकडे बघत होते. सून दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. म्हातारीला सगळं नीट समजलं. तिने मामांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मंग इतके दिस कुठं व्हता?"

मामांनी मान खाली घातली. सुनेनेच मग चहा आणला.

आमच्या खात्यात कालव्याचा उतार उलटा निघाला तर चूक जमिनीची असते. तीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही माणसाला चुकलो म्हणताना ऐकलं नाही, चारचौघांत ओरडून तर नाहीच. त्या दिवशी परतताना मामा शेजारी डोळे मिटून बसले होते, आणि या माणसाने मला जावई करून घेतलं याचा मला जो अभिमान वाटला तो अजून कमी झालेला नाही. एरवी मी त्यांची टिंगलच करत आलो.

मामा गेले ते चौथ्या वर्षी, पौषात. त्यांच्या ओळखीच्या घरी कळवत फिरलो तेव्हा त्या गावीही गेलो. म्हातारी त्यांच्या आधीच गेली होती. बाईने बातमी ऐकली आणि आत्याबाईच्या रिकाम्या बाजेवर मला बसवलं. मग तिने जे सांगितलं ते आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवसानंतर दर फाल्गुनात मामा एकटेच एसटीने येत, बाजेशेजारी बसत आणि म्हातारीच्या कानाशी तेच पुन्हा ओरडून सांगत.

"मीच म्हनायची त्यास्नी, आत्याबाई इसरल्या, पुन्यांदा सांगा," ती म्हणाली. "आत्याबाई कशाच्या इसरत्यात. मलाच ऐकू वाटायचं."