गिरजामायची उंदरांची घागर

दुसऱ्या महायुद्धात आमची कंपनी आसामच्या डोंगरात एका रेशन चौकीवर होती. मी तिथे शिपाई होतो. आमच्या कामाची हकीकत ऐकून गावातली मंडळी निराश होतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. पहिले काही महिने आम्ही शत्रूपेक्षा उंदरांशीच जास्त लढलो.

चौकीत आटा, डाळ, गूळ आणि बिस्किटं असत. वर ताडपत्री, खाली ओली माती. उंदीर पोत्याला खालून भोक पाडत. पोतं उचललं की अर्धा आटा चिखलात. पुढच्या टेकडीवरच्या जवानांची रोटी आमच्या पोत्यांवर अवलंबून होती, त्यामुळे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. तरी आम्ही ती नेली. एके सकाळी मात्र हवालदारसाहेबांच्या नव्या पट्ट्याचं टोक खाल्लेलं निघालं, आणि उंदरांविरुद्ध रीतसर ऑर्डर निघाली.

"नामदेव, तुम्हारे गाँव में चूहों का क्या करते हैं?"

"साहब, हमारी माँ को बुलाना पड़ेगा," नामा म्हणाला.

सगळे हसले. हवालदारसाहेब हसले नाहीत.

नामा माझ्याच गावचा, माझ्याच गल्लीतला. आमचं गाव वसमतजवळच्या हट्ट्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आम्ही दोघं बरोबरच भरती झालो. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले होते. आईनं एकटीनं त्याला वाढवलं. सगळा गाव तिला गिरजामाय म्हणे. तिच्या घरात एक कणगी होती, वर्षाची ज्वारी त्या कणगीत. त्या ज्वारीला उंदीर लागला तर माय-लेकांनी खायचं काय, हा साधा हिशेब होता. म्हणून उंदरांच्या बाबतीत गिरजामाय कोणाचं ऐकत नसे. "गणपतीचं वाहन हाय तर देवळात ऱ्हावं. माझ्या कणगीत त्याचं काय काम?" असं म्हणायची आणि कामाला लागायची. बिळं फुटक्या काचा आणि मातीनं लिंपायची. कणगीच्या पायाशी जुनी घागर ठेवायची. घागरीत अर्धं पाणी, पाण्यावर कोंड्याचा जाड थर, कोंड्यावर चिमूटभर ज्वारी, आणि काठाला टेकवलेली एक फळी. उंदराला वाटे घागर धान्यानं भरली आहे. तो फळीवरून चढे, उडी मारे आणि बुडे. आत आवाज झाला की गिरजामाय जिथे असेल तिथून म्हणे, "पडला."

नामानं चौकीत तेच केलं. तुपाचे रिकामे पत्र्याचे डबे घेतले, स्वयंपाक्याकडून कोंडा आणला. पहिल्याच दिवशी डब्यात धप्पकन आवाज झाला. नामा पोत्याला टेकून डुलक्या घेत होता. डोळे न उघडता तो थेट आईच्या सुरात म्हणाला, "पडला."

त्या दिवसापासून तो शब्द सगळ्या कंपनीचा झाला. मद्रासी स्वयंपाकीसुद्धा 'पडला' म्हणू लागला. पुढे लढाई जवळ आली आणि तोच शब्द माणसांसाठी वापरात आला. कोणी ठरवून केलं नाही. टेकडीवरून बातमी येई, कोणीतरी विचारी, "कौन?" आणि उत्तर येई, "फलाना पडला." मग डब्यात उंदीर बुडाला तरी कोणी काही बोलेनासं झालं. माझ्या डोक्यात त्या शब्दाचा तेवढा एकच अर्थ राहिला.

पावसाळ्यात पुढची वाट बंद झाली. रेशन खांद्यावरून न्यायचं ठरलं. मध्ये एक नाला होता, फुगलेला. त्यावर बांबूचा पूल. नामा माझ्या शेजारी आट्याचं पोतं घेऊन चालत होता. तोफेचा गोळा पुलाच्या टोकाशी आला. मी आडवा झालो. उठलो तेव्हा पुलाचा तो भाग नव्हता, पोतं नव्हतं आणि नामा नव्हता.

हवालदारसाहेबांनी वायरलेसवर कळवलं.

"एक पडला. नाले में. ओवर."

"मिला? ओवर."

"नहीं मिला. ओवर."

आम्ही अंधार पडेपर्यंत काठाकाठानं शोधलं. दुसऱ्या दिवशीही शोधलं. नंतर शोधायची परवानगी मिळाली नाही.

पुढे थंडीत मला रजा मिळाली. हवालदारसाहेबांनी बोलावून एवढंच सांगितलं, "उसकी माँ से तुम खुद मिलना. आराम से बताना." मी सलाम केला. वसमत स्टेशनला उतरेपर्यंत, आगगाडीच्या सगळ्या प्रवासात, मी मनाशी वाक्यं जुळवत होतो. आधी पाणी मागायचं. मग बसायचं. मग तिला बसवायचं. तारेनं बातमी आधीच पोचली असेल असंही वाटे, आणि खोटं कशाला बोलू, तशी पोचली असली तर बरं असंही वाटे.

गावाच्या शिवेत शिरलो तर माणसं रानात. शेताशेतातून पऱ्हाटीच्या आणि कडब्याच्या झोपड्या घातलेल्या. पहिल्याच झोपडीपुढे गिरजामाय सुपात ज्वारी पाखडत बसली होती.

"किसन व्हय? ये बाबा. गावात तर गेला न्हाईस ना?"

"न्हाई माय. समदे इकडं काहून?"

"पडला ना रे. गावात पयला माझ्याच घरातला पडला."

मी डोक्यावरची टोपी काढली. जुळवलेली सगळी वाक्यं गेली. आपल्या गावातून लढाईवर गेलेल्यांत खरंच नामाच पहिला पडला होता.

"तुला कळलं व्हय माय?" मी म्हणालो. "माझ्या शेजारीच व्हता. तकलीफ झाली न्हाई त्याला."

सूप थांबलं.

"कोणाला?"

मी हातातल्या टोपीकडे पाहिलं.

"मी उंदराचं बोलून राहिले, किसन. तू कोणाचं बोलून राहिलास?"

आमच्याकडे प्लेग यायचा तो आधी उंदरांत. आढ्यावरून मेलेला उंदीर खाली पडायचा. मग कोणी प्लेगचं नाव काढत नसे. अमक्याच्या घरी पडला, एवढंच म्हणत आणि बिऱ्हाडं रानात हलवत. लहानपणी मीही आईच्या कडेवर बसून असा रानात गेलो होतो. पलटणीत ते विसरलो. प्रेत मिळालं नाही म्हणून नामाची तार उशिरा निघाली, आणि ती आली तेव्हा प्लेगच्या गावाकडे डाकवाला फिरकत नव्हता. ती हट्ट्यालाच राहिली. गिरजामायला काहीही माहीत नव्हतं. ते तिला माझ्या तोंडून असं, उभ्या उभ्या, टोपी हातात असताना कळलं.

ती रडली नाही. सूप बाजूला ठेवलं. सांडलेले दाणे एक एक वेचले. मग विचारलं, "सापडला का रे?"

"न्हाई माय. लई हुडकलं."

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "बस. पाणी देते."  तिच्याकडे पाणी मागायचं मी ठरवलं होतं, आणि ते तिनंच दिलं.

थंडी सरली तशी माणसं गावात परतली. गिरजामायचं घर मी झाडलं, बिळं काचा-मातीनं लिंपली. तिनं मला घागर कशी भरायची ते दाखवलं. तिला वाटलं, मला येत नाही. मी शिकल्यासारखं केलं. डब्यांची आणि नामाची गोष्ट मी तिला तेव्हाच सांगितली. तो अगदी तिच्या सुरात बोलायचा हे ऐकून ती हसली आणि पदर तोंडावर घेऊन बराच वेळ तशीच बसली.

तेव्हापासून आमच्या गल्लीत उंदराला कोणी 'पडला' म्हणत नाही. कोणी कोणाला बजावलं नाही. घागरीत आवाज झाला की आम्ही 'सापडला' म्हणतो. शेजारच्या गावांना ते विचित्र वाटतं.

लढाई संपली आणि मी पलटणीतून कायमचा घरी आलो. निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी गिरजामाय अंथरुणाला खिळली. संध्याकाळी मी भाकरी-दूध घेऊन जाई. डोळ्यांना दिसत नव्हतं, ऐकू कमी येत होतं. कणगी अर्ध्याहून अधिक रिकामी होती, पण घागर भरून ठेवायला ती रोज सांगे. एका दिवेलागणीला मी तिला दूध पाजत होतो. कोपऱ्यात घागरीत आवाज झाला. सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "सापडला."

ती उठून बसली. कित्येक दिवसांत ती आपली आपण उठली नव्हती.

"सापडला?"

मी घागरीकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"व्हय माय. सापडला."

"भिजला असंल," ती म्हणाली. "त्याला आत घे. कोरडं नेसायला दे."

"देतो माय."

ती आडवी झाली. त्याच आठवड्यात गेली.

माझ्या कंपनीतले जे पडले, त्यांची नावं मला अजून तोंडपाठ आहेत. सगळ्यांची नावं मी पलटणीच्या रिवाजाप्रमाणे, नंबर आणि हुद्द्यासकट घेतो. नामाचं तेवढं घेताना मी नंबर घेत नाही. नामदेव, गिरजामायचा, एवढंच म्हणतो.