चौथा नमुना

शेंजेनच्या कारखान्यात पेई उस्ताद बारा वर्षं ई-सिगारेटी ओढून पारखत होते. नवा नमुना त्यांनी तीनदा नापास केला होता. चौथ्यांदाही तोच जसाच्या तसा समोर आला, तशी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बटण परत अंगठ्याखालीच! खिशात आपोआप दाबलं जातं, मांडी भाजते. तोंडात धरायचं टोक ओठाला चटके देतं. किती वेळा लिहायचं हो?"

"उस्ताद, फोटोत किती देखणी दिसते बघा तरी!" मालक शाओ हसला आणि त्यांचा राग उतरवायला, रिवाजाप्रमाणे दोन्ही हातांनी, स्वतःच्या पाकिटातली सिगारेट पुढे केली. साधी, कागदाची.

उस्तादांनी ती कानामागे खोचली आणि तपासणीच्या कागदावर लिहिलं, "मालकसुद्धा ओढत नाही."