टाके निघाल्यावरची घागर

सासूनं मला फसवलं आणि नवऱ्यानं ते उभं राहून पाहिलं. मिरजेच्या दवाखान्यात पोट चिरून मला मुलगी झाली. निघताना डॉक्टरांनी त्या दोघांना बजावलं होतं, तीन महिने हिला जड उचलू देऊ नका. मला मात्र सासू घरी म्हणाली, "टाके निघाले, आता काय न्हाई. पोरगी झालीया, राजा न्हाई. ऊठ बाजंवरनं."

विहिरीवरून भरलेली घागर आणली आणि उंबऱ्यातच जखम उसवली. पुन्हा दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टर माझ्यावरच ओरडले. तेव्हा खरं कळलं.

पुढं मी मिरचीचा व्यापार सुरू केला, त्यात मला कुणी ठकवू शकलं नाही. पण पोतं उचलताना पोटात अजून सुरी फिरते.

सासू गेली. नवरा दारात पान चघळत बसतो. त्या दिवशी तो गप्प का राहिला, हे त्यानं मला सांगावं.